मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये छोट्या गाडीचं अ‍ॅव्हरेज: मोजायचं कसं, वाढवायचं कसं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणालाही विचारा, "गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" उत्तर तयार असतं: "अठरा-एकोणीस आरामात." हा आकडा काढला कसा, असं विचारलं की माणूस जरा घुटमळतो. कोणी तो डॅशबोर्डवर बघितलेला असतो, कोणी एकदा पुण्याला जाऊन आल्यावर काढलेला असतो, आणि बाकीच्यांनी शोरूममध्ये ऐकलेल्या बावीसमधून अंदाजाने तीन-चार वजा केलेले असतात. मीही तीन वर्षं अठराच सांगत होतो. मग एका जानेवारीत लिहून ठेवायला लागलो आणि महिन्याभरात कळलं, की माझी एक लिटर इंजिनाची पेट्रोल हॅचबॅक मुलुंड ते अंधेरीतलं सीप्झ या रोजच्या रस्त्यावर साडेबारासुद्धा जेमतेम देते.

तेव्हा गाडीत काहीही बिघाड नव्हता. बिघाड पुढे झाला, आणि लिहीत होतो म्हणूनच सापडला. तो किस्सा पुढे येईलच.

कंपनीच्या आकड्यावर चिडण्यातही अर्थ नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-उतरवत ताशी ९० किमीपर्यंत नेतात आणि त्यावरून तो आकडा निघतो. त्यात एसी धरलेला नसतो, खड्डे नसतात आणि पुढे स्टॉपवर तिरकी उभी राहिलेली बेस्टची बसही नसते. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा बरा. आपल्या गाडीचा आकडा आपणच काढायचा.

आधी मोजणं

पद्धत जुनीच आहे, टाकी ते टाकी. पंपावर टाकी फुल करा, म्हणजे नोझल आपोआप बंद पडेपर्यंत, ज्याला पंपावर ऑटो कट म्हणतात. ट्रिप मीटर शून्यावर आणा. गाडी नेहमीसारखी चालवा. काटा पाव टाकीच्या आसपास आला की त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशिनवर, पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. आता बिलावर जितके लिटर आले तितके तुम्ही मधल्या काळात जाळले. ट्रिप मीटरवरच्या किलोमीटरना त्या लिटरने भागा, झालं.

गोची त्या ऑटो कटमध्येच होते. माझ्या पंपावरचा रोजचा संवाद असा:

"साहेब, झिरो बघा."

"बघितला. कट झालं की थांब हां."

खट्ट आवाज येतो, आकडा २,३८४ रुपयांवर थांबतो, आणि पोराचा हात नोझलवर तसाच.

"चोवीसशे करू का? राउंड फिगर?"

"नको रे बाबा, आहे तेच राहू दे."

हे रोज सांगावं लागतं. राउंड फिगरसाठी वरून कोंबलेलं पेट्रोल दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे हिशेब हलतो. शिवाय टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा गाडीत असतो, त्याला कोणी कॅनिस्टर म्हणतं. गळ्यापर्यंत भरलं तर द्रव पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होऊ शकतो. पैसे यूपीआयने द्यायचे असतात, मग राउंड फिगर हवी कशाला?

पाचशे-हजाराचं भरणाऱ्यांनी काय करायचं? भरा, हरकत नाही. फक्त प्रत्येक बिलावरचे लिटर लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा टाकी फुल करा. एका फुलपासून दुसऱ्या फुलपर्यंतचे सगळे लिटर मिळवायचे आणि त्या काळातल्या किलोमीटरना त्यांनी भागायचं. मधली कच्ची भरणी चालतात, एखादं लिहायचं राहिलं तर मात्र तो महिना गेला.

लिहायचं कुठे, हा प्रश्न दुय्यम आहे. माझी आई कालनिर्णयावर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची. तेवढं शिस्तीत केलं तरी पुरतं. मी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही आणि रबराने अडकवलेलं पेन ठेवतो. मोबाइलवर फ्युएलिओ, ड्रायव्हो अशी अ‍ॅप्स आहेत, ती भागाकार आणि आलेख आपणहून करतात. पंपावर नोझल गाडीत असताना मोबाइल काढू नका, बाहेर येऊन बाजूला थांबा आणि मग लिहा.

एका ओळीत एवढं हवं: तारीख, ओडोमीटरचं रीडिंग, लिटर, रुपये, फुल की कच्चं, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि सहा महिन्यांनी पस्तावतात. "गणपती, पाच जण, डिकी फुल्ल", "आठवडाभर पाऊस", "टायर बदलले", "बायको चालवत होती" असं काहीही चालेल. शेवटच्या शेऱ्यावरून घरात जरा गरमागरमी झाली, कारण त्या टाकीचं अ‍ॅव्हरेज माझ्यापेक्षा एकाने जास्त आलं होतं.

एका टाकीवर विश्वास ठेवू नका

वहीतली चार भरणी देतो. पहिलं ३१२ किमी, २५.८ लिटर, म्हणजे १२.१. दुसरं २९६ किमी, २३.१ लिटर, १२.८. तिसऱ्यात पुण्याची फेरी होती, ४०२ किमी, २२.६ लिटर, १७.८. चौथं हायवेवरच, टाकी बरीच भरलेली असताना उगाच फुल केली होती, ९२ किमी, ४.८ लिटर, १९.२.

या चार आकड्यांची सरासरी काढली तर साडेपंधरा येते, आणि ती चूक आहे. चार लिटरच्या भरण्याला पंचवीस लिटरच्या भरण्याइतकं वजन कसं देणार? सगळे किलोमीटर एकत्र करा, सगळे लिटर एकत्र करा: १,१०२ भागिले ७६.३, म्हणजे १४.४. एका लिटरमागे एक किलोमीटरचा फरक फक्त चुकीच्या भागाकाराने पडला.

चौथ्या भरण्याकडे पुन्हा बघा. ऑटो कट दर वेळी त्याच पातळीला होत नाही. गाडी जरा उतारावर उभी असेल, नोझलचा जोर कमी-जास्त असेल, तर अर्धा लिटर इकडचा तिकडे सहज होतो. ४.८ लिटरमध्ये अर्धा लिटर चुकला तर अ‍ॅव्हरेज १७.४ पासून २१.४ पर्यंत काहीही दिसेल. पंचवीस लिटरमध्ये तीच चूक दोन टक्क्यांची. म्हणून टाकी रिकामी होऊ द्यायची आणि निदान चार-पाच टाक्यांशिवाय काही ठरवायचं नाही. "नवीन ऑइल टाकलं आणि लगेच दोनने वाढलं" असं सांगणारा माणूस एका टाकीवर बोलत असतो.

डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टरने किती पेट्रोल सोडलं त्यावरून काढलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो थोडा उदार असतो. माझा सुमारे सात टक्के जास्त दाखवतो. वहीच्या आकड्याशी दोन-तीनदा ताडून बघितलं की आपल्या गाडीचा उदारपणा किती ते कळतं. त्यानंतर आजचा दिवस कालच्यापेक्षा बरा की वाईट, एवढ्यासाठी तो चांगला.

टायरचं माप बदललं असेल तर ओडोमीटरही तपासा. १५५/८० आर१३ च्या जागी कोणी हौसेने १६५/८० आर१४ बसवले, तर चाकाचा व्यास सात टक्क्यांनी वाढतो, मीटर तेवढे किलोमीटर कमी मोजतं, आणि मालक म्हणतो अ‍ॅव्हरेज पडलं. एक्स्प्रेसवेवरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी वीस-तीस किमी ताडून बघितलं की खरं-खोटं कळतं.

आणि पंपावरच संशय असेल तर? प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. ते मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तुमच्यासमोर पाच लिटर भरायला सांगा. २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे तक्रार करता येते. मी एकदाच मागितलं. मापात फरक निघाला नाही, पण त्या दिवसापासून तो पोरगा मला झिरो जरा जास्तच ठळकपणे दाखवतो.

वहीत एक रकाना वाढवा: वेळ

हे मला वर्षभराने सुचलं, आणि या सगळ्या उपद्व्यापातून मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

मुलुंडहून सीप्झला जायला मला पंधरा किलोमीटर पडतात. पूर्व द्रुतगती मार्गाने खाली यायचं, विक्रोळीला जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, धरायचा, आयआयटी आणि पवई तलावावरून पुढे. सकाळी सव्वासातला निघालो तर पस्तीस मिनिटं. सव्वानऊला निघालो तर, मेट्रो ६ च्या कामाने रस्ता आवळलेला असताना, पाऊण तास ते सव्वा तास. गाडी तीच, रस्ता तोच, पाय माझाच.

आता पेट्रोलचा हिशेब. मोकळ्या रस्त्यावर माझी गाडी अठराच्या आसपास देते, म्हणजे पंधरा किमीला ०.८३ लिटर. उभ्या गाडीचं इंजिन एसीशिवाय तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. एसी चालू असेल तर ते लिटरच्या घरात जातं. सव्वा तास लागला त्या दिवशी चाळीस मिनिटं जास्त गेली, त्यातली जवळजवळ सगळी उभं राहण्यात किंवा सरपटण्यात. तासाला ०.९ लिटर धरलं तर ०.६ लिटर त्यातच संपलं. एकूण १.४३ लिटर. पंधरा भागिले १.४३, साडेदहा!

म्हणजे अठरा देणारी आणि साडेदहा देणारी गाडी एकच. तिच्यात काय बिघडलंय हे शोधत मी गॅरेजच्या फेऱ्या मारत होतो.

हिशेब सोपा जावा म्हणून लिटर शंभर रुपयाला धरू. मुंबईत पेट्रोलने २०२१ च्या मे अखेरीस शंभरी ओलांडली, त्यामुळे फार चुकत नाही. महिन्याचे बावीस दिवस फक्त सकाळचे ०.६ लिटर वाचले तरी १३ लिटर, म्हणजे १,३०० रुपये. कुठल्याही इंजिन ऑइलने किंवा स्पार्क प्लगने एवढं दिलेलं नाही.

तेव्हा वहीत सरासरी वेगाचा रकाना घाला. बऱ्याच गाड्यांच्या डिस्प्लेवर तो मिळतो, नसेल तर किलोमीटर भागिले तास. माझ्या वहीत सरासरी वेग ताशी १२ असतो तेव्हा अ‍ॅव्हरेज दहा-अकरा, २५ च्या वर गेला की सतरा-अठरा. अ‍ॅव्हरेज घसरलं आणि वेगही घसरला, तर दोष ट्रॅफिकचा. वेग तोच आहे आणि अ‍ॅव्हरेज घसरलं, तर दोष गाडीचा. गॅरेजला जायचं की अलार्म तासभर अलीकडे लावायचा, हे एवढ्यावरून ठरतं.

सव्वासात कोणाला जमतं, हा प्रश्न रास्त आहे. मला आठवड्यातून तीनदा जमतं. उरलेले दोन दिवस घरून काम किंवा नशीब.

या हिशेबाचा उलटा उपयोगही होतो. वांद्रे-वरळी सी लिंकने पेट्रोल वाचतं म्हणून टोल वसूल होतो, असं अनेक जण सांगतात. माहीम-दादरमधून जाताना पंचवीस मिनिटं जास्त उभं राहिलात तरी पेट्रोल पाव-अर्धा लिटर, म्हणजे पस्तीस-चाळीस रुपये. एकेरी टोल शंभर. सी लिंक वेळेसाठी घ्या, डोक्याच्या शांततेसाठी घ्या, पेट्रोलच्या नावावर खपवू नका. मरीन ड्राइव्ह ते वरळी कोस्टल रोडला टोल नाही, तिथे असा प्रश्नच येत नाही. मुलुंड, दहिसर, वाशी, ऐरोलीच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला, त्यामुळे ठाण्या-नवी मुंबईकडच्यांनी जुनी वळणाची वाट सोडून नव्याने रस्ता मोजून बघायला हरकत नाही.

ट्रॅफिकमध्ये पाय कसा ठेवायचा

वेळ आपल्या हातात नाही असं धरू. उरलं ते चालवणं.

जेव्हीएलआरवर संध्याकाळी बघा. पुढची गाडी दहा फूट सरकली की मागची झटक्यात दहा फूट जाते आणि कचकन ब्रेक मारते. थांबलेल्या गाडीला हलवायला लागलेलं पेट्रोल दर वेळी ब्रेकच्या पॅडवर गरम होऊन जातं. त्याऐवजी पुढे दोन-अडीच गाड्यांची जागा होऊ द्या. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला तर छोटी पेट्रोल गाडी अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता माणसाच्या जलद चालीने सरकते. थांबायचंच नाही, सरकत राहायचं. मोकळ्या जागेत रिक्षा घुसते, हे मान्य. घुसू दे. पवईपासून सीप्झपर्यंत मी एकदा मोजलं, माझ्यापुढे अकरा जण घुसले आणि ऑफिसच्या गेटवर त्यातले तीन माझ्या शेजारीच उभे होते.

दुसरं, सिग्नल लाल दिसला की लगेच पाय उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये गाडी घरंगळत असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना इंजेक्टर पेट्रोल तोडतात. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन स्वतःच्या जिवावर फिरू लागतं आणि उभ्या गाडीइतकं पेट्रोल पितं. "उतारावर न्यूट्रल" ही आपल्या आधीच्या पिढीने कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर शिकलेली युक्ती. आज ती पेट्रोल वाचवत नाही आणि बोरघाटात जीव धोक्यात घालते. उतारावर इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात.

उड्डाणपुलावर चढताना पायथ्यालाच वेग घ्या आणि माथ्याच्या जरा आधी पाय हलका करा. गिअर दोन ते अडीच हजार आरपीएमच्या मध्ये बदला. पण चौथ्यात तीस-पस्तीसवर गाडी थरथरतेय आणि तुम्ही पेट्रोल वाचवताय, असं नसतं. इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर हवाच.

सिग्नलवर बंद करायची का? आकडे दाखवणारा सिग्नल असेल आणि तीस सेकंदांपेक्षा जास्त उरले असतील, तर करा. एसी गेल्याने मे महिन्यात मिनिटाभरात घाम फुटतो, तेव्हा मी स्वतः करत नाही, हे कबूल. रेल्वे फाटकावर किंवा शाळेच्या गेटवर मुलांची वाट बघत उभं राहताना मात्र चालू ठेवण्याला काहीच सबब नाही. सकाळी गाडी गरम करत पाच मिनिटं उभी ठेवायचीही मुंबईच्या हवेत गरज नाही. चालू करा, पट्टा लावा, निघा, आणि पहिले दोन किलोमीटर हळू घ्या.

एसीबद्दल उपदेश करणार नाही. मुंबईच्या दमटपणात बंद एसीने वाचवलेले पैसे शर्ट धुण्यात जातात. फक्त उन्हात उभ्या गाडीच्या चारही काचा उघडून पहिलं अर्धा किलोमीटर आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा आतच फिरवणारं बटण दाबा. ताशी सत्तरच्या वर काचा उघड्या ठेवून एसी वाचवण्यात फारसा अर्थ उरत नाही, हवेचा अडथळा ते पेट्रोल परत घेतो.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. अटल सेतूवर ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. सेतू २१.८ किमीचा, वाचणारी वेळ सव्वातीन मिनिटं. ती पुढे उलव्याच्या वळणावर कोणी तरी परत घेतंच.

हवा, चाकं, ब्रेक

टायरची हवा हा सगळ्यात स्वस्त उपाय. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकरवर छापलेलं असतं. छोट्या गाड्यांना बहुधा ३० ते ३३ पीएसआय, आणि भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा. पंपावरचा हवावाला विचारतो, "किती मारू, पस्तीस?" त्याला आकडा आपण सांगायचा. सकाळी थंड टायरवर मोजा. दहा-पंधरा किमी चालवून गेलात तर गरम हवेमुळे तीन-चार पीएसआय जास्त दिसते आणि भरलेली आहे असं वाटून तुम्ही परत येता. हवा महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप उतरते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा बघणं बरं. मुद्दाम चाळीस भरून अ‍ॅव्हरेज वाढवणारेही आहेत. पावसाळ्यात ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर पकड कमी झालेली त्यांना चालत असावी.

आता तो किस्सा. जुलैत गाडी दोन आठवडे पावसात उभी होती. नंतरच्या दोन टाक्या १०.८ आणि १०.६ आल्या. सरासरी वेग मात्र नेहमीचाच होता, म्हणजे दोष गाडीचा. नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो तर उत्तर मिळालं, "हल्ली पेट्रोलच तसं येतंय, सगळ्यांचीच तक्रार आहे." वही दाखवली, त्यांनी ती न बघताच इंजेक्टर साफ करण्याचा खर्च सांगितला.

रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती मार्गावर दहा किलोमीटर गेलो, शक्य तितका ब्रेक न लावता, आणि गाडी बाजूला घेऊन चारही चाकांच्या रिमजवळ तळहात नेला. तीन कोमट. पुढचं डावं इतकं तापलेलं, की हात दोन इंचांवरच थांबला आणि जळका वास नाकात गेला. दुसऱ्या गॅरेजमध्ये जॅक लावून चाक हाताने फिरवलं: बाकीची तीन-चार फेरे घेत होती, हे अर्ध्या फेऱ्यात अडकलं. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजून बसल्या होत्या, पॅड डिस्कला घासत होते. पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बदलले. पुढची टाकी १२.६.

समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे मुंबईत हे होतच राहतं. पावसाळा संपला की एकदा ब्रेक उघडून साफ करून घ्या. गाडी बरेच दिवस सपाट जागेवर उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा. असा रिमजवळ तळहात नेऊन बघायला मिनिट लागतं, फक्त रिमला हात टेकवू नका.

बाकी सर्व्हिसिंग

एअर फिल्टर काळा झाला की अ‍ॅव्हरेज पडतं, हे कार्ब्युरेटरच्या काळातलं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो, त्यामुळे आधी ताकद जाते. वेळेवर बदला, चमत्काराची अपेक्षा नको. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. पातळ ग्रेड सांगितलेली असताना "जाड चांगलं" म्हणून जाड घातलं तर इंजिन ते ढवळण्यात पेट्रोल घालवतं. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी तो बघा. ऑक्सिजन सेन्सर बिघडला की इंजिन अंदाजाने जास्त पेट्रोल सोडतं. इंजिन गरम होईपर्यंत थंड करणारं पाणी अडवून ठेवणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन गरमच होत नाही आणि तेच होतं.

याचा एक फुकटचा पुरावा तुमच्याकडे आधीच असतो, पीयूसीची पावती. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे सीओचा आकडा असतो. मागच्या पावतीशी ताडून बघा. तो वाढत असेल तर पेट्रोल अर्धवट जळतंय. पास झालो म्हणून पावती डॅशबोर्डमध्ये कोंबायची घाई करू नका.

डिकी उघडा. माझ्या डिकीत दोन क्रिकेट किट, जुनी बॅटरी आणि गेल्या गणपतीतली मखराची थर्माकोलची पेटी निघाली. चाळीस-पन्नास किलोंनी टक्काभर फरक पडतो, मुंबईच्या थांब-चलमध्ये त्याहून थोडा जास्त. छतावरचा कॅरिअर कोकणातून आल्यावर काढून ठेवा.

इथेनॉलवर किती खापर फोडायचं

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. आपल्या उसाच्या मळीतूनही इथेनॉल येतं, त्यामुळे महाराष्ट्रात त्याच्याविरुद्ध बोलताना माणूस आधी आजूबाजूला बघतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी साधारण तेवढीच घट धरली होती. पण दहा टक्के इथेनॉल आधीपासून होतंच, त्यामुळे दहावरून वीसवर गेल्याचा फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. साडेबाराचे बारा होतील. सोळाचे बारा झाले असतील तर इथेनॉलला सोडा आणि रिमजवळ तळहात नेऊन बघा. २०२३ पूर्वीच्या गाडीत रबराच्या नळ्या आणि सील सर्व्हिसिंगला तपासून घेणं मात्र योग्य.

पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, साध्या इंजिनात महागडं प्रीमियम पेट्रोल, यांवर पैसे घालू नका. पहाटे पेट्रोल थंड असतं म्हणून जास्त मिळतं, हेही सोडून द्या. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

सीएनजी असेल तर

हिशेब किलोत. दाब आणि तापमानाप्रमाणे एकाच टाकीत कधी आठ किलो बसतात, कधी सात, त्यामुळे एका भरण्याचा आकडा पेट्रोलपेक्षाही बेभरवशाचा. दहा भरण्यांची बेरीज घ्या. गाडी पेट्रोलवर चालू होऊन मग सीएनजीवर जाते, ते पेट्रोलही लिहा, नाहीतर अ‍ॅव्हरेज फुगतं. आणि पंपावरच्या रांगेत इंजिन बंद ठेवा. रांग पुढे सरकली की मागचा हॉर्न वाजवतोच, चालू करायला तेवढा वेळ पुरतो.